छापलेले ‘आंबेगाव’ संगणकाला का सापडत नाही?

मंचर, घोडेगाव, नारायणगाव किंवा जुन्नर, कुठल्याही बाजारपेठेतल्या डीटीपीच्या दुकानात थोडा वेळ थांबा. एक प्रश्न हमखास कानावर पडतो. “तुमच्याकडं फाइल नीट दिसते, छापूनही नीट येते. मग मोबाइलवर उघडली की सगळं इंग्रजी कसं काय होतं?” जुन्या फायली सांभाळणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा असतो. यात्रेची स्मरणिका, पतसंस्थेची सभासद यादी, ग्रामपंचायतीचे ठराव यांत ‘आंबेगाव’ पानोपानी दिसते, पण शोधायला गेले तर संगणक एकही जागा दाखवत नाही. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण फायलीतले आंबेगाव कुठे गेले?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे आणि ते या प्रकरणात टप्प्याटप्प्याने पाहू. जुना मजकूर नव्या संकेतात आणणारा प्रोग्राम ऑब्जेक्टच्या पद्धतीने कसा रचतात, हेही त्यातच कळेल.

१. संगणकाकडे अक्षरे नसतात, आकडे असतात

संगणकाच्या स्मृतीत ‘ज’ नावाची गोष्ट नसते. तिथे फक्त आकडे असतात. आकडा ठेवण्याच्या सर्वांत लहान नेहमीच्या खणाला बाइट म्हणतात. एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी कोणताही एक आकडा मावतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर समजायचे हे माणसांनी ठरवलेले असते. या ठरावाला आपण ‘अक्षरसंकेत’ किंवा नुसते ‘संकेत’ म्हणू.

अमेरिकेत १९६३ मध्ये आस्की नावाचा संकेत आला. त्यात १२८ जागा होत्या. इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे यांसारख्या गोष्टींतच त्या संपल्या. बाइटमधल्या वरच्या १२८ जागा मात्र रिकाम्या राहत होत्या. भारतीय लिप्यांसाठी त्या वापरून इस्की हा संकेत तयार झाला आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. या कामाचा पुण्याशी जवळचा संबंध आहे. भारतीय लिप्या संगणकावर आणणाऱ्या ‘जिस्ट’ तंत्राची सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेले.

१९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एक आणि एकच क्रमांक, हा त्यामागचा विचार. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या. त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतलेली आहे.

आता ‘जुन्नर’ हा शब्द दोन्ही संकेतांत लिहून पाहू. त्याचे घटक सहा: ज, उकार, न, हलन्त, न, र.

इस्की: १८६, २२१, १९८, २३२, १९८, २०७
युनिकोड: २३३२, २३६९, २३४४, २३८१, २३४४, २३५२

पहिल्या ‘न’चा पाय मोडला आहे हे सांगणारा आकडा इस्कीत २३२ आहे, तर युनिकोडमध्ये २३८१. जोडाक्षर कसे काढायचे हे यात कुठेच लिहिलेले नाही. तो आकार काढणे हे फॉन्टचे काम. ही विभागणी लक्षात ठेवा: संकेत सांगतो अक्षर कोणते, फॉन्ट दाखवतो ते दिसते कसे.

जुन्नर तालुक्यासाठी युनिकोडचे आणखी एक महत्त्व आहे. नाणेघाटातला सातवाहनांचा लेख ज्या ब्राह्मी लिपीत कोरलेला आहे, तिला युनिकोडमध्ये २०१० साली जागा मिळाली. जुन्या दफ्तरांतल्या मोडीला २०१४ साली मिळाली. त्यामुळे ब्राह्मी, मोडी आणि आजची देवनागरी हे तिन्ही मजकूर आता एकाच फायलीत, आपापल्या क्रमांकांनी, शेजारी शेजारी राहू शकतात.

२. फॉन्टने काढलेली पळवाट

युनिकोड १९९१ मध्ये आले, तरी दुकानातल्या संगणकांपर्यंत पोचायला त्याला बरीच वर्षे लागली. इस्की वापरायचे तर खास कार्ड किंवा खास सॉफ्टवेअर लागे. लग्नसराईत पत्रिका छापून देणाऱ्याला एवढे थांबणे परवडणारे नव्हते. त्याला कागदावर मराठी हवे होते, तेही आजच.

म्हणून एक पळवाट निघाली. फाइल इंग्रजीच ठेवायची. फक्त फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. कृतीदेव या फॉन्टमध्ये टाइपरायटरच्या रेमिंग्टन पद्धतीप्रमाणे ‘टी’च्या जागी ज, ‘क्यू’च्या जागी उकार, कॅपिटल ‘यू’च्या जागी अर्धा न, स्मॉल ‘यू’च्या जागी पूर्ण न आणि ‘जे’च्या जागी र आहे. म्हणजे या फॉन्टमधला ‘जुन्नर’ फायलीत टी, क्यू, यू, यू, जे असा पडलेला असतो. आंबेगाव पडलेले असते व्ही, के, ए, सी, एस, एक्स, के, ओ असे.

आता दोन्ही प्रश्न सुटतात. मोबाइलवर फाइल बिघडत नाही. तिथे कृतीदेव नसतो, म्हणून तिच्यात मुळात जे आहे तेच दिसते. आणि तुम्ही शोधपेटीत युनिकोडमध्ये ‘आंबेगाव’ लिहिले, तर संगणक २३१० ने सुरू होणारी आकड्यांची रांग शोधतो. ती त्या फायलीत कधी नव्हतीच.

पळवाट एकच असती तरी निभावले असते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीने चित्रे आपल्या सोयीने बसवली, सी-डॅकच्या फॉन्टनी आपल्या, शिवाजी फॉन्टने आपल्या. त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये नेला, की मराठीचेही निराळेच मराठी होते, तेही अर्थ नसलेले.

३. चुकीचे वाचलेले आणि कायमचे गेलेले

मजकूर ‘बिघडला’ असे आपण म्हणतो, तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टी झालेल्या असू शकतात. त्यातला फरक ओळखता आला, तर बरीच कामे वाचतात.

युनिकोडचे क्रमांक २५५ च्या पुढे जातात, म्हणून ते बाइटमध्ये भरण्याची रीत लागते. सर्वांत चालणारी रीत म्हणजे केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये बनवलेली यूटीएफ-८. तिच्यात साध्या इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीला तीन आणि ब्राह्मी-मोडीला चार लागतात. ‘ज’ होतो २२४, १६४, १५६. सहा घटकांचा ‘जुन्नर’ होतो १८ बाइटचा.

हे बाइट पश्चिम युरोपच्या जुन्या विंडोज संकेताने वाचले, तर प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजला जातो. मग दर तीन चिन्हांमागे डोक्यावर तिरका फटका असलेला ‘ए’ दिसू लागतो. त्याच्यापाठोपाठ चार काटे फुटलेले वर्तुळ किंवा जपानी येनचे चिन्ह येते. ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली, की ओळखा: मजकूर देवनागरी आहे आणि शाबूत आहे. वाचणाऱ्याने चुकीचा संकेत लावला, एवढेच. बरोबर संकेत निवडून फाइल पुन्हा उघडली, की मराठी परत येते.

दुसरा प्रकार वाईट. मराठी मजकूर अशा संकेतात जतन केला, ज्यात मराठीला जागाच नाही, तर बहुतेक प्रोग्राम प्रत्येक अनोळखी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतात. ‘जुन्नर’ची सहा प्रश्नचिन्हे होतात. फायलीत खरोखरच प्रश्नचिन्हाचा आकडा, म्हणजे ६३, सहा वेळा लिहिला गेलेला असतो. कोणताही प्रोग्राम त्यातून ‘जुन्नर’ परत काढू शकत नाही. म्हणून फाइल विचित्र दिसली तर ती आधी बंद करा. ‘सेव्ह’ करू नका.

४. मध्ये एक समान भाव

आता रूपांतराकडे वळू. समजा, तुमच्याकडे सहा संकेतांतल्या फायली आहेत: इस्की, कृतीदेव, श्रीलिपी, शिवाजी, सी-डॅकचा सुरेख आणि युनिकोड. प्रत्येकातून प्रत्येकात थेट जाणारा मार्ग करायचा ठरवला, तर सहापैकी प्रत्येकाला इतर पाच, असे ६ × ५ = ३० मार्ग लागतील. सातवा फॉन्ट आला की आणखी १२.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट देऊन कुणी थेट कांद्याच्या पिशव्या घेत नाही. टोमॅटोचा भाव रुपयांत, कांद्याचाही रुपयांत. मध्ये रुपया असला की कोणत्याही मालाचा व्यवहार कोणत्याही मालाशी होतो. अक्षरसंकेतांत हे काम युनिकोड करतो. प्रत्येक जुन्या संकेताने दोनच गोष्टी शिकायच्या: आपल्या बाइटमधून युनिकोडची अक्षरे काढायची आणि युनिकोडच्या अक्षरांतून आपले बाइट बनवायचे. पाच जुने संकेत, प्रत्येकी दोन कामे, म्हणजे ३० ऐवजी १०. सातव्या फॉन्टला फक्त दोन.

५. क्लास आणि ऑब्जेक्ट

हा हिशेब प्रोग्राममध्ये उतरवायला ऑब्जेक्टची पद्धत सोयीची पडते. तिचा उगम नॉर्वेत, ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगोर्ड यांनी १९६० च्या दशकात बनवलेल्या सिम्युला या भाषेत आहे. मूळ कल्पना साधी: माहिती आणि त्या माहितीवर करायची कामे एकाच जागी ठेवा. अशा जागेच्या आराखड्याला क्लास म्हणतात, आणि त्या आराखड्यावरून प्रत्यक्ष तयार झालेल्या वस्तूला ऑब्जेक्ट.

आपल्याला एक मूळ क्लास लागेल. त्याचे नाव ‘संकेत’. मराठीत लिहिला तर तो असा दिसेल:

क्लास संकेत:
– काम उलगडा (बाइट घेतो, युनिकोड अक्षरे देतो)
– काम गुंफा (युनिकोड अक्षरे घेतो, बाइट देतो)

या क्लासला स्वतःचे कोष्टक नाही. ‘जो स्वतःला संकेत म्हणवेल त्याला ही दोन कामे आलीच पाहिजेत’, एवढीच अट तो घालतो. मग त्याचे वारस तयार करायचे:

क्लास इस्की, वारसा संकेत कडून:
– उलगडा: १८६ चा ज, २२१ चा उकार, १९८ चा न…
– गुंफा: तेच कोष्टक उलटे

असाच ‘कृतीदेव’ क्लास, असाच ‘यूटीएफ-८’ क्लास. आणि प्रत्यक्ष रूपांतर केवळ दोन ओळींचे:

रूपांतर (मजकूर, जुना, नवा):
– अक्षरे = जुना.उलगडा (मजकूर)
– उत्तर = नवा.गुंफा (अक्षरे)

या दोन ओळींत इस्कीचे नाव नाही, कृतीदेवचेही नाही. ‘जुना’ म्हणून कोणताही संकेत द्या. ‘उलगडा’ म्हटल्यावर तो आपापल्या रीतीने उलगडतो. एकाच हाकेला प्रत्येक ऑब्जेक्टने आपल्या पद्धतीने ओ देणे, याला बहुरूपता म्हणतात. मूळ क्लासच्या अटी पुढच्या क्लासने घेणे म्हणजे वारसा. आणि कृतीदेवच्या सगळ्या खोडी कृतीदेवच्याच क्लासमध्ये बंद ठेवून बाहेर कुणाला त्यांचा त्रास होऊ न देणे म्हणजे आवरण. उद्या श्रीलिपीचा क्लास लिहिला, तरी वरच्या दोन ओळींना हात लावावा लागत नाही. सगळा फायदा इथे आहे.

मोठ्या भाषांनी हीच रचना केलेली आहे. जावामध्ये २००२ च्या १.४ आवृत्तीपासून ‘चारसेट’ नावाचा क्लास आहे. त्याच्याकडून उलगडणारा एक आणि गुंफणारा एक, असे दोन ऑब्जेक्ट मिळतात. इस्कीही त्यात तयार मिळतो. कृतीदेव मात्र मिळत नाही. जावाच्या दृष्टीने ती फाइल इंग्रजीच आहे. तिला मराठी समजायचे, हे ज्ञान तुम्ही लिहिलेल्या क्लासनेच आणायचे असते.

६. कृतीदेवच्या आवरणात डोकावून

इस्कीचे उलगडणे सरळ आहे: एक आकडा, एक अक्षर. कृतीदेवचे तसे नाही, कारण तो अक्षरांचा नव्हे, आकारांचा संकेत आहे. त्याच्या ‘उलगडा’ या कामाचे तीन टप्पे पडतात. तिन्ही आपल्या गावांच्या नावांवर करून पाहू.

पहिला टप्पा: मोठी जोडी आधी. ‘आंबेगाव’ची सुरुवात व्ही आणि के यांनी होते. कोष्टकात व्ही म्हणजे अ, के म्हणजे काना. एकेक अक्षर बदलत गेलो, तर ‘अ’ आणि त्यापुढे काना असे दोन घटक मिळतील. पडद्यावर ते ‘आ’सारखे दिसूही शकतील, पण युनिकोडचा ‘आ’ एकच आहे, क्रमांक २३१०. म्हणजे रूपांतर होऊनही ‘आंबेगाव’ सापडणार नाही ते नाहीच. ‘डिंभे’मध्येही असेच: कॅपिटल एच म्हणजे अर्धा भ, त्याला के ची उभी रेघ जोडली की पूर्ण भ. म्हणून कोष्टकात ‘व्ही-के’ आणि ‘एच-के’ या जोड्या वेगळ्या नोंदवायच्या आणि प्रत्येक ठिकाणी सर्वांत लांब जुळणारी नोंद आधी वापरायची.

दुसरा टप्पा: पहिली वेलांटी. ‘शिवनेरी’ टाइप करताना कृतीदेवमध्ये आधी एफ दाबतात, म्हणजे वेलांटी, आणि मग श. कागदावर वेलांटी डावीकडे येते, म्हणून ती आधी. युनिकोड मात्र उच्चाराच्या क्रमाने चालतो: आधी श, मग इकार. म्हणून वेलांटी दिसली की ती हातात धरायची आणि पुढचे व्यंजन संपल्यावर ठेवायची. ‘स्थिर’सारख्या शब्दात तिला स आणि थ दोन्ही ओलांडावे लागतात. पाय मोडलेले व्यंजन आले, की अजून थांबायचे, हा नियम.

तिसरा टप्पा: रफार. उपग्रह दळणवळणाच्या भूकेंद्रामुळे नावाजलेले नारायणगावजवळचे ‘आर्वी’ घ्या. कृतीदेवमध्ये क्रम पडतो आ, व, दीर्घ वेलांटी आणि सर्वांत शेवटी रफार. उच्चारात ‘र्’ व च्या आधी आहे. म्हणून रफारापासून मागे चालायचे, वेलांटी ओलांडायची, व ओलांडायचा आणि तिथे ‘र’ व हलन्त ठेवायचे. हा टप्पा विसरलेला प्रोग्राम ‘आवीर्’ असे लिहून मोकळा होतो. रूपांतर केलेल्या मजकुरात असे शेवटी लोंबणारे ‘र्’ दिसले, की दोष नेमका कुठे आहे ते लगेच कळते.

युनिकोडमधून कृतीदेवमध्ये परत जाताना हेच टप्पे उलट्या क्रमाने करायचे: आधी रफार पुढे न्यायचा, मग वेलांटी मागे आणायची, शेवटी कोष्टक उलटे वापरायचे.

७. कोष्टकाबाहेरच्या अडचणी

पहिली अडचण खऱ्याखुऱ्या इंग्रजीची. मराठी मजकुरात मध्येच ईमेलचा पत्ता असतो. स्मॉल अक्षरांतले पी-यू-एन-ई, म्हणजे इंग्रजी ‘पुणे’, कृतीदेवच्या कोष्टकातून गेले तर ‘चनदम’ होऊन बाहेर येते! वर्डच्या फायलीत प्रत्येक तुकड्यासोबत त्याच्या फॉन्टचे नावही साठवलेले असते. ते वाचून फक्त कृतीदेवचे तुकडे रूपांतराला द्यायचे. साध्या टेक्स्ट फायलीत ही खूण उरत नाही. म्हणून मूळ वर्ड किंवा पेजमेकरची फाइल हाताशी असेल, तर तिथूनच सुरुवात करावी.

दुसरी अडचण टायपिस्टच्या सवयींची. ‘शेंगा’ लिहिताना कुणी मात्रा आधी देतो, कुणी अनुस्वार. कागदावर फरक पडत नाही, पण आकड्यांची रांग बदलते. उलगडतानाच मात्रा आधी आणि अनुस्वार नंतर असा क्रम लावून घ्यायचा.

तिसरी अडचण युनिकोडच्या घरातली. ‘वऱ्हाडी मंडळी’मधला ऱ्ह दोन रीतींनी लिहिता येतो: एकात खास ‘ऱ’ वापरलेला असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह. ‘ॲ’चेही तसेच. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र दिलेला असतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधाला मात्र वेगवेगळे. कोणती रीत ठेवायची हे एकदा ठरवा आणि सगळ्या क्लासना तीच पाळायला लावा.

८. काम झाले हे कसे ओळखायचे?

पहिली तपासणी जाऊन-येऊन करायची. कृतीदेवमधून युनिकोडमध्ये आणा, पुन्हा कृतीदेवमध्ये न्या आणि मूळ फायलीशी ताडून पाहा. जिथे फरक दिसेल तिथे एक तर टायपिस्टची सवय असेल किंवा कोष्टकातली चूक. दोन्ही डोळ्यांखालून घाला.

दुसरी तपासणी नावांची. आपल्या भागातल्या गावांची आणि आडनावांची यादी युनिकोडमध्ये हाताने लिहा आणि रूपांतरित मजकुरात शोधा. जुन्नर, आंबेगाव, शिवनेरी, डिंभे, आर्वी ही पाच नावे सापडली, तर वर सांगितलेल्या मुख्य खाचखळग्यांतून तुमचा प्रोग्राम पार पडला असे समजा.

तिसरी गोष्ट, न ओळखलेल्या आकड्याचे काय करायचे ते आधी ठरवा. गुपचूप प्रश्नचिन्ह ठेवणारा प्रोग्राम सोयीचा वाटतो, पण तोच सर्वांत घातक. अनोळखी आकडा भेटला की थांबून ओळ क्रमांक सांगणारा प्रोग्राम लिहा. सभासद यादीतले एक नाव चुकण्यापेक्षा दुपारभर खोळंबलेले काम बरे.

हे काम फार पुढे ढकलू नका. फाइल राहते, पण ती कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे सांगणारा माणूस दुकान बंद करतो, आणि तो फॉन्ट बसवलेला संगणक भंगारात जातो. तुमच्या संस्थेत, वाचनालयात किंवा घरात अशा फायली असतील, तर आजच दोन गोष्टी करा: मूळ फायलींची एक प्रत वेगळी काढून ठेवा आणि प्रत्येकीच्या नावापुढे तिच्या फॉन्टचे नाव लिहा. रूपांतर करणारा प्रोग्राम पुढेही कुणीतरी लिहील. फॉन्टचे नाव मात्र आज माहीत असलेल्यालाच लिहिता येईल.